त्या पोराची लाइन तुटत होती: जिल्ह्यातल्या टूर्नामेंटवाल्यांना खुलं पत्र

सगळ्या आयोजकांना, ॲडमिन दादांना आणि त्या दिवशी स्ट्रीमच्या चॅटमध्ये जे जे होते त्या सगळ्यांना नमस्कार.

मी फायबरचं काम करतो. सांगली-मिरज भागात घरोघरी इंटरनेटची लाइन ओढणं, तुटली की जोडणं, रात्री अकराला फोन आला की शिडी गाडीला बांधून निघणं, नऊ वर्षं हेच चाललंय. आणि काउंटर-स्ट्राइक हा गोळीबाराचा कॉम्प्युटर गेम मी त्याच्या आधीपासून खेळतोय, वन पॉइंट सिक्स ह्या जुन्या आवृत्तीच्या जमान्यापासून, तासाला पंधरा रुपये देऊन कॅफेत. त्या दिवशी जे झालं ते अर्धं गेममध्ये झालं आणि अर्धं वायरमध्ये झालं, आणि दोन्हीकडचं ज्याला कळतं असा माणूस निर्णय घेताना तिथं कोणी नव्हता, म्हणून हे लिहितोय. मोठं होणार आहे, पण पूर्ण वाचा ही विनंती.

आधी काय झालं ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. ऑनलाइन क्वालिफायर म्हणजे पात्रता फेरी, सगळी पोरं आपापल्या घरून, सर्व्हर मुंबईचा, मॅप डस्ट टू, स्कोर ११–११. आमच्या टीमचा सगळ्यात लहान पोरगा, नुकतीच दहावी झालेला, मॅपवरच्या लाँग नावाच्या लांब रस्त्याच्या दरवाजातून बाहेर येतो. समोर एडब्ल्यूपी, म्हणजे दुर्बिणीची स्नायपर बंदूक, घेऊन बसलेल्या पोराला तो दरवाजात उभा दिसतो, एकदम थिजल्यासारखा, त्या एडब्ल्यूपीवाल्यानं गोळी मारायच्या आत आमचा पोरगा तिथून गायब होतो आणि पुढच्याच क्षणी पार जवळ, पिट म्हणतात त्या खड्ड्याच्या तोंडाशी दिसतो, आणि एडब्ल्यूपीवाला मेलेला असतो. मी क्लिप पन्नास वेळा बघितलीय. खरंच तसं दिसतं. मी स्वतः एडब्ल्यूपीवर असतो तर मीपण खुर्चीतून उठलो असतो. त्या पोराला राग आला ह्यात त्याचं काही चुकलं नाही, त्याचा राउंड खरंच गेला.

मग चॅटमध्ये सुरू झालं, हॅक आहे, लॅग स्विच (मुद्दाम लाइन तोडायचं बटण) आहे, टेलिपोर्ट बघा. ॲडमिननी मॅच थांबवली, स्कोअरबोर्ड बघितला आणि म्हणाले, पिंग तर १४ दाखवतंय, मग लॅग कुठला? दहा मिनिटांत निकाल, टीम बाद, पोरगा सहा महिने बॅन, आणि नावासकट पोस्ट. आमच्या पोरानं अकराव्या राउंडलाच चॅटमध्ये लिहिलं होतं की नेटचा प्रॉब्लेम येतोय, टेक पॉज द्या, म्हणजे दुरुस्तीसाठी मॅच थोडी थांबवा, तेव्हा उत्तर आलं होतं चालू ठेवा. हे डेमोमध्ये, म्हणजे सर्व्हरवर साठवलेल्या मॅचच्या रेकॉर्डिंगमध्ये आहे, कुणालाही बघता येईल.

सगळा घोळ त्या एका वाक्यात आहे, पिंग १४ मग लॅग कुठला. हे वाक्य मी आमच्या कस्टमर लोकांकडूनपण ऐकतो, फक्त ते म्हणतात स्पीड टेस्टला शंभर येतंय मग अडकतंय का. म्हणून जरा नीट सांगतो.

आपल्याकडं गावाकडून शिकायला शहरात राहिलेल्या पोराला एसटीतून डबा जातो, आई सकाळी स्टँडवर कंडक्टरकडं देते, पोरगा तिकडं स्टँडवरून घेतो. गेममध्ये तुमचा कॉम्प्युटर असाच सेकंदाला बरेच डबे सर्व्हरकडं पाठवत असतो, प्रत्येक डब्यात एवढंच, की मी डब्ल्यू दाबलाय, माउस इकडं वळवलाय, गोळी मारलीय. सर्व्हरपण उलटे डबे पाठवतो, कोण कुठं आहे. डबा जाऊन उत्तर परत यायला जो वेळ लागतो तो पिंग, मिलिसेकंदात म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजलेला. एसटी दोन तासांनी येते का तीन तासांनी, एवढंच पिंग सांगतो. पण डबा पोचलाच नाही तर? ते पिंगमध्ये दिसत नाही, कारण जो पोचलाच नाही त्याचा वेळ मोजणार कसा. ते वेगळं असतं, पॅकेट लॉस. आणि कधी एसटी पाच मिनिटं लवकर कधी वीस मिनिटं उशिरा अशी यायला लागली तर तो जिटर. पिंग १४ आणि लॉस दहा टक्के असं एकाच वेळी असू शकतं. माझ्या कामात हे मी दर आठवड्याला बघतो.

बरं, हरवलेला डबा परत का पाठवत नाहीत? वेबसाइट उघडताना पाठवतात, व्हॉट्सॲपचा फोटो अर्धा आला तर उरलेला परत मागवला जातो. पण शूटर गेममध्ये अर्ध्या सेकंदापूर्वी तू कुठं होतास ही माहिती शिळी झालेली असते, ती परत मागवून ताज्या माहितीला रांगेत उभं करण्यात काही अर्थ नसतो, म्हणून हे गेम यूडीपी नावाच्या पद्धतीवर चालतात, त्यात गेलं ते गेलं. त्यामुळं लॉस झाला की व्हिडिओ बफर होतो तसं गोल चक्र दिसत नाही, सरळ माणूस थिजतो नाहीतर उडी मारतो.

आता ती उडी. लाइन अर्धा सेकंद गेली की सर्व्हरला त्या पोराचे डबे मिळत नाहीत, मग सर्व्हरच्या लेखी तो जिथं होता तिथंच उभा. इकडं त्याच्या घरी मात्र त्याचा कॉम्प्युटर त्याला चालवतच असतो, त्याला वाटतं आपण दरवाजातून बाहेर पडलो. मग लाइन येते, घरच्या फायबर मोडेममध्ये अडकून पडलेले पॅकेट, म्हणजे तेच डबे, एकदम सुटतात, सर्व्हर त्यातले ठराविक मर्यादेपर्यंतचे एका झटक्यात हिशोबात घेतो आणि तो पुढं सरकवला जातो. समोरच्याला दिसतं टेलिपोर्ट. आणि मर्यादेबाहेरचे असतील तर उलटं होतं, त्याला स्वतःला मागं खेचलं जातं, रबर लावल्यासारखं. त्या मॅचमध्ये त्याला तीन वेळा असं मागं खेचलं गेलंय, त्यात दोन वेळा तो मेलाय. त्याची क्लिप कुणी काढली नाही, कारण असं मागं खेचला जाऊन मेलेल्याची क्लिप कोण काढतो.

कॉम्प्युटर आधीच चालवतो हा प्रकार कुठून आला ते माहीत असलं तर बरं. १९९६ ला क्वेक हा शूटर गेम आला तेव्हा त्यात हे नव्हतं, तुम्ही पुढं जायचं बटण दाबलं की ते सर्व्हरला जाणार, तिथून उत्तर येणार आणि मग तुम्ही हलणार. ज्यानं तो बनवला त्या जॉन कार्मॅकनी ऑगस्ट १९९६ मध्ये उघडपणे लिहिलं होतं, की नेटवर्कबद्दलचा माझा मूळ अंदाजच चुकला, मी २०० मिलिसेकंदांच्या आतल्या लाइनी गृहीत धरल्या होत्या. घरोघरी मोडेम होते, कुठल्या लाइनी एवढ्या चांगल्या. मग डिसेंबर १९९६ ला क्वेकवर्ल्ड ही त्याची इंटरनेटसाठी सुधारलेली आवृत्ती आली, त्यात तुमचा कॉम्प्युटर उत्तराची वाट न बघता तुम्हाला हलवतो आणि सर्व्हरचं उत्तर आलं की चुकलेलं दुरुस्त करतो. आज जो जो शूटर गेम तुम्ही खेळता त्यात ह्याच कल्पनेचं काहीतरी रूप आहे. म्हणजे प्रत्येक खेळाडू स्वतःला थोडा भविष्यात बघत असतो आणि बाकीच्यांना थोडा भूतकाळात. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मी भांडणं संपतात.

भूतकाळात किती, तर समजा तुमचा पिंग १५. एका बाजूचं अंतर साडेसात मिलिसेकंद, त्यात गेम हालचाल गुळगुळीत दिसावी म्हणून एक-दोन अपडेट मागं राहून दाखवतो, काउंटर-स्ट्राइक २ चा सर्व्हर सेकंदाला ६४ वेळा जग पुढं ढकलतो, अशा एका ढकलण्याला टिक म्हणतात, म्हणजे एका टिकला १५.६ मिलिसेकंद, तर साधारण पंचवीस ते चाळीस मिलिसेकंद जुनं चित्र तुमच्यापुढं असतं. ऐकायला काहीच नाही. पण हिशोब करा, काउंटर-स्ट्राइकमध्ये हातात चाकू धरून माणूस सेकंदाला २५० युनिट (गेममधलं अंतराचं माप) पळतो आणि त्याचं अंग ३२ युनिट रुंद असतं. ४० मिलिसेकंदांत तो १० युनिट पुढं गेलेला असतो, म्हणजे अंगाचा जवळजवळ तिसरा हिस्सा. आणि चित्र १०० मिलिसेकंद जुनं असेल तर २५ युनिट, म्हणजे पाऊण माणूस तिथं नसतो जिथं तुम्हाला दिसतो.

मग गोळी लागते कशी? कारण सर्व्हर मागं जाऊन बघतो. तुमची गोळी पोचली की सर्व्हर विचारतो, हा जेव्हा गोळी मारत होता तेव्हा ह्याच्या स्क्रीनवर समोरचा कुठं होता, आणि तेवढा वेळ मागं जाऊन तिथं गोळी लागते का तपासतो. ह्याला लॅग कॉम्पेन्सेशन म्हणतात, हाफ-लाइफ ह्या गेममध्ये आलं आणि तो बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीच्या यान बर्नियरनी २००१ च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्सला ते सविस्तर मांडलं. ह्याची किंमत समोरचा देतो. तो भिंतीआड गेलेला असतो, त्याच्या स्क्रीनवर पूर्ण आत, आणि मरतो. मग माइकवर ओरडतो, भिंतीतून मारलं. भिंतीतून कुणी मारलं नाही, मारणाऱ्याच्या जगात तू अजून बाहेर होतास. आणि कोपऱ्यात बसलेल्यापेक्षा बाहेर झेपावणाऱ्याला पहिलं दिसतं तेपण ह्याचमुळं, त्याचा कॉम्प्युटर त्याला लगेच बाहेर काढतो पण ती बातमी बसलेल्याला उशिरा पोचते. माणसाला बघून बटण दाबायला दोनशे-अडीचशे मिलिसेकंद लागतात, त्यात चाळीस-पन्नासची भर म्हणजे खेळच बदलतो. व्हॅलोरंट हा दुसरा शूटर गेम २०२० ला १२८ टिकचे सर्व्हर घेऊन आला त्यामागं हाच फायदा कमी करायचा हे एक मोठं कारण होतं, एक टिक ७.८ मिलिसेकंदांवर आणला. काउंटर-स्ट्राइक २ नी २०२३ मध्ये दुसरी वाट धरली, सर्व्हर ६४ चाच ठेवला पण दोन टिकच्या मध्ये तुम्ही नेमकं कधी बटण दाबलं ती वेळ पाठवायला सुरुवात केली. कुठलं चांगलं ह्यावर आमच्या टीममध्ये अजून वाद होतो, मला स्वतःला १२८ आवडतं, पण ते सोडा.

मुद्दा असा, की एकाच लढाईची तीन चित्रं असतात. मारणाऱ्याच्या स्क्रीनवरचं, मरणाऱ्याच्या स्क्रीनवरचं आणि सर्व्हरवरचं, आणि स्ट्रीमवर जे दिसतं ते चौथं, कारण बघणाऱ्याची पण लाइन आहे आणि त्याला पण जुनं चित्र गुळगुळीत करून दाखवलं जातं. तुम्ही पोराला बॅन केलं ते त्या एडब्ल्यूपीवाल्या पोराच्या मोबाइलनं काढलेल्या स्क्रीनच्या व्हिडिओवरून. त्या व्हिडिओतून त्याला काय दिसलं ते कळतं. आमच्या पोरानं काय केलं ते त्यातून कळू शकत नाही.

लॅग स्विच असतो, मी नाही म्हणत नाही. वायरला बटण लावून नाहीतर सॉफ्टवेअरनं मुद्दाम अपलोड तोडायचं, आणि समोरचा थिजलेला बघत असताना आपण पुढं जायचं, असले प्रकार लोकांनी केलेत. आणि आपल्या देशाच्या पोरांवर एवढा लगेच संशय का येतो तेपण मला माहीत आहे, २०१८ ला शांघायच्या स्पर्धेत भारतीय टीमचा एक खेळाडू मॅच चालू असताना मशीनवर चीट चालवताना पकडला गेला, त्याची लाज आपल्या सगळ्यांनाच वाटली. पण तो कसा पकडला गेला ते आठवा. ॲडमिन त्याच्या मशीनजवळ गेले, मशीनवर काय चाललंय ते बघितलं. संशय आल्यावर तपास झाला आणि तपासात सापडलं.

आमच्या पोराच्या बाबतीत तपास कसा करता आला असता ते सांगतो, कारण मी केला. चीट करणारा लाइन कधी तोडणार, तर समोर कोणी असताना. एकटा असताना, खरेदी करताना, मेल्यावर तो कशाला तोडेल. बिघडलेल्या लाइनला मात्र समोर कोणी आहे का नाही हे कळत नाही, ती कधीही तुटते. म्हणून मी सर्व्हरचा डेमो घेतला आणि पहिल्या राउंडपासून फक्त त्याच्याकडं बघत बसलो, दोन रात्री. तो अकरा वेळा अडकलाय. त्यातल्या सात वेळा त्याच्या आसपास समोरच्या टीमचं कोणीच नाही. दोन वेळा राउंड सुरू व्हायच्या आधी, खरेदीच्या वेळेत, जेव्हा हलतापण येत नाही, तेव्हा त्याची नजर भिंतीवर थिजते आणि मग झटक्यात फिरते. एकदा शिडीवर. समोर माणूस असताना अडकला तो चार वेळा, त्यात दोनदा मेला, एकदा काहीच झालं नाही आणि एकदा ते लाँगवालं झालं. एवढं बघायला ना मशीन लागतं ना इंजिनिअर, डेमो लावायचा आणि धीर धरायचा.

आणि मग मी त्याच्या घरी गेलो, कारण ती लाइन मीच तीन वर्षांपूर्वी ओढलेली. गणपतीला आठ दिवस राहिले होते, गल्लीच्या तोंडाशी मंडप उभा राहत होता. घरात मोडेमजवळ वायर काढून प्रकाश मोजायचा मीटर लावला तर उणे १८ (आकडा जेवढा खाली तेवढा प्रकाश कमी), म्हणजे एकदम निरोगी लाइन. मी म्हटलं इथं तर काहीच नाही. खिडकीतून वारा आला आणि मीटरवर आकडा हलला, उणे २२, परत १८. मी तसाच मीटर धरून बसलो. जरा जोराचा झोत आला आणि उणे २९. साधारण उणे २७ च्या खाली गेलं की घरातल्या मोडेमला प्रकाश दिसत नाही, लाल दिवा लुकलुकतो. बाहेर जाऊन वायरच्या मागं मागं गेलो तर मंडपवाल्या पोरांनी पांढरं कापड ताणून बांधताना सुतळीची गाठ आमच्या ड्रॉप वायरवरून, म्हणजे बाहेरून घरात येणाऱ्या फायबरवरून, घेतलेली, वायरला एका ठिकाणी पार कोपरासारखा वाक. काच आहे ती आतली, केसाएवढी, प्रकाश तिच्यातून जातो, एका मर्यादेपेक्षा जास्त वाकवली की प्रकाश वळणावरच बाहेर सांडतो. वाऱ्यानं कापड फुगलं की सुतळी ताणायची, वायर वाकायची, लाइन जायची. वारा पडला की परत १८. मी कापड हातानं ओढून दाखवलं आणि पोरानं मीटरचा व्हिडिओ काढला, ओढलं की २९, सोडलं की १८, पाच वेळा. मग गाठ सोडून बांबूला बांधली. मंडळाच्या पोरांचं काही चुकलं नाही, त्यांना काय माहीत काळ्या वायरीत काय आहे ते.

मॅच संध्याकाळी साडेपाच ते सात झाली, त्या दिवशी पावसाचं वारं सुटलेलं होतं ते तुम्हालाही आठवत असेल.

हा व्हिडिओ आणि डेमोतल्या अकरा वेळा मी तुमच्यापैकी एकांना पाठवल्या. उत्तर आलं, ॲडमिनचा निर्णय अंतिम असतो, रूलबुकमध्ये लिहिलंय. लिहिलंय, मान्य. निकाल बदला असं मी म्हणत नाही, तो राउंड समोरच्या टीमवर अन्याय होताच, मॅच ते जिंकले असते कदाचित, ती स्पर्धा संपली. पण बॅन आणि पोस्ट ह्या वेगळ्या गोष्टी आहेत.

त्या पोस्टचं काय झालं ते तुम्हाला माहीत नसेल म्हणून सांगतो. मी मीटर लावत होतो तेव्हा त्याची आई चहा घेऊन आली आणि दारातच उभी राहिली, म्हणाली, "भाऊ, ह्यानं कुणाचं काय घेतलं का हो? शेजारचा पोरगा म्हणतोय हा चीटिंगमध्ये सापडला, नाव आलंय मोबाइलवर." तिला गेम माहीत नाही, एडब्ल्यूपी माहीत नाही, तिला चीटिंग म्हटल्यावर एकच अर्थ कळतो. पोरगा मान खाली घालून कीबोर्डची वायर गुंडाळत होता. मी तिला म्हटलं, वहिनी, लाइन माझी खराब होती. तिनं विचारलं, मग तसं मोबाइलवर का नाही आलं.

मला तिला उत्तर देता आलं नाही. ते तुम्ही द्यायचं आहे.

आता तुम्ही पुढच्या स्पर्धा घेणारच, घ्याव्यात, जिल्ह्यात एवढी तरी हालचाल तुमच्यामुळं आहे हे मी मनापासून म्हणतो. प्रायोजक शोधणं, रात्र रात्र ब्रॅकेट म्हणजे कोण कुणाशी खेळणार ते लावणं, फुकट शिव्या खाणं, मी बघितलंय. म्हणून लाइनवाला माणूस म्हणून काही गोष्टी सांगतो, ज्यातल्या बऱ्याचशांना पैसे लागत नाहीत.

मॅचच्या आधी प्रत्येकाला गेमच्या सेटिंगमध्ये टेलिमेट्री चालू करायला लावा, पिंगच्या शेजारी लॉसपण स्क्रीनवर दिसतो, आणि प्रत्येकानं स्वतःच्या स्क्रीनचं रेकॉर्डिंग ठेवायचं हा नियम करा. मग भांडण झालं तर मोबाइलच्या क्लिपऐवजी दोन्हीकडची रेकॉर्डिंग आणि आकडे समोर असतील. कुणी टेक पॉज मागितला तर द्या, टीमला एका मॅचला पाच मिनिटं ठरवून द्या, त्या दिवशी अकराव्या राउंडला पाच मिनिटं मिळाली असती तर पोरगा मोबाइलच्या हॉटस्पॉटवर गेला असता, त्याचं 4जी तिथं चाळीस-पन्नास पिंग देतं, जरा जड पण अखंड. आणि संशय आला तर लगेच निकाल देऊ नका, राउंड परत खेळवा, डेमो ठेवा, दुसऱ्या दिवशी बघा.

पोरांनापण सांगतो, कारण तेपण हे वाचतील. लॅग म्हणजे दरवेळी कंपनीची लाइन नसते. दहा तक्रारींवर मी गेलो तर निम्म्या घरांत मला बाहेर काहीच सापडत नाही, पोरगा मागच्या खोलीत, राउटर पुढच्या खोलीत, मध्ये दोन भिंती आणि एक लोखंडी कपाट, आणि वायफाय २.४ गिगाहर्ट्झवर, ज्यावर शेजाऱ्यांचे दहा राउटर आणि घरातला मायक्रोवेव्ह पण बोलत असतो. दीडशे-दोनशे रुपयांची लॅन केबल टाका. आणि घरात कोणी लग्नाचे फोटो नाहीतर व्हिडिओ अपलोडला लावले असतील तर तुमचे छोटे डबे त्या मोठ्या पोत्यांच्या मागं रांगेत उभे राहतात, पिंग १५ चा ३०० होतो आणि स्पीड टेस्ट मात्र छान दिसते. घरच्यांना सांगा मॅचच्या वेळी थांबा. बीजीएमआय खेळणाऱ्यांचं अजून वेगळं, मोबाइल तापला की तो स्वतःच स्वतःला हळू करतो, फ्रेम पडतात, म्हणजे चित्र अडखळतं, आणि पोरं म्हणतात नेट गेलं. फ्रेम अडकली तर तुमचं एकट्याचं सगळं चित्र अडकतं. नेट अडकलं तर तुम्ही फिरू शकता, भिंती नीट दिसतात, फक्त बाकीची माणसं थिजतात. एवढा फरक ओळखता आला तरी निम्मं काम झालं.

आणि सर्व्हर निवडताना भूगोल बघा. प्रकाश फायबरमधून एका मिलिसेकंदात साधारण २०० किलोमीटर जातो. सांगली ते मुंबई रस्त्यानं पावणेचारशे किलोमीटर, जाऊन येऊन चार मिलिसेकंदांच्या आत, बाकीचे दहा मधल्या उपकरणांचे. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत साधारण ३,९०० किलोमीटर, नुसतं जाऊन यायलाच ३९ लागतात, आणि समुद्रातली केबल सरळ रेषेत जात नाही, म्हणून प्रत्यक्षात साठ-सत्तरच्या खाली क्वचित येतं. मागच्या वेळी तुम्ही एक मॅच सिंगापूरवर खेळवली होती, कुणाच्या तरी ओळखीचा सर्व्हर फुकट होता म्हणून, तिथं मग पुण्याचा पोरगा काय आणि आटपाडीचा काय, सगळेच जुनं चित्र बघत होते. फुकट असला तरी तो नको.

फायनल तरी एका हॉलमध्ये, एका स्विचवर (सगळे कॉम्प्युटर वायरनं जोडायच्या पेटीवर) घ्या. कॅफेत आम्ही खेळायचो तेव्हा पिंग पाचच्या आत असायचा आणि हरलो की हरलो, शेजारच्या खुर्चीवरचा माणूस दिसायचा, त्याचे हात दिसायचे. हॉल मिळत असेल तर वायरिंग मी आणि माझे दोन सहकारी फुकट करून देऊ, केबल आमच्याकडं आहे, स्विच भाड्यानं मिळतो.

आणि त्या पोराची पोस्ट. ती नुसती डिलीट करू नका, डिलीट केली तर ज्यांनी वाचली त्यांच्या डोक्यात तीच राहणार. जिथं टाकली होती तिथंच, तेवढ्याच मोठ्या अक्षरात लिहा की लाइन खराब होती, खेळाडूनं काही केलं नव्हतं, बॅन मागं घेतला. दोन ओळी. त्याच्या आईला मोबाइलवर दाखवता येतील अशा.

डेमो, मीटरचा व्हिडिओ आणि अकरा वेळांचा कागद माझ्याकडं पेन ड्राइव्हमध्ये आहे. रविवारी मला सुट्टी असते, तुम्ही म्हणाल तिथं घेऊन येतो, मीटरपण आणतो. गाठ होती तो वायरचा तुकडा कापून ठेवलाय, तो हातात धरून बघा.